मूळ संहिता आणि भाष्य : मुक्त संगणक-प्रणालीच्या नवशिक्याचा इतिहास

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा निर्मात्यांच्या अंगाने झालेले आहे. कोणती प्रणाली कोणी, केव्हा आणि कोणत्या यंत्रावर रचली, याची तपशीलवार नोंद मिळते. ती प्रणाली शिकावयास प्रथमच बसलेल्या माणसाने काय वाचले, कशाच्या आधाराने वाचले आणि तो कोठे अडखळला, याची नोंद त्या मानाने विरळ आहे. मुक्त-स्रोत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते, कारण या प्रणालीचा मुख्य दावाच वाचनाशी निगडित आहे. तिची मूळ संहिता, म्हणजे ‘सोर्स कोड’, कोणालाही वाचता यावी, तपासता यावी, बदलता यावी आणि पुढे देता यावी, हे तिचे वैशिष्ट्य होय. परंतु वाचण्याची मुभा आणि वाचण्याची क्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली परवान्याने मिळते. दुसरी कोणीतरी शिकवावी लागते.

युनिक्स ते लिनक्स या सुमारे अर्धशतकाच्या वाटचालीत ही दुसरी गोष्ट कशी घडत गेली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. या इतिहासातून एक सूत्र हाती लागते. मूळ संहिता खुली झाल्याने नवशिक्याचा प्रवेश आपोआप झाला, असे कोठेही दिसत नाही. प्रत्येक वेळी तो झाला तो संहितेभोवती रचल्या गेलेल्या भाष्यामुळे. त्यामुळे भाष्य कोणत्या भाषेत आहे, यावर नवशिका कोण होऊ शकतो हे ठरत आले आहे. मराठीच्या दृष्टीने हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

१. सूत्ररूप मॅन्युअल आणि पहिले नवशिके

युनिक्सची निर्मिती १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून सुरू झाली. तिचे पहिले मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ चे आहे. या प्रणालीच्या आवृत्त्या मॅन्युअलच्या आवृत्त्यांवरून ओळखल्या जात. ‘सहावी आवृत्ती’ म्हणजे मॅन्युअलच्या सहाव्या आवृत्तीने वर्णिलेली प्रणाली. यंत्रातील रचना सतत बदलत असताना तिला नाव आणि काळ देण्याचे काम ग्रंथाने केले, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे.

या मॅन्युअलचा घाट ठरलेला होता. प्रत्येक आज्ञेसाठी नाव, वापराचे रूप, वर्णन, संबंधित फाइली, इतर नोंदींचे निर्देश आणि अखेरीस ज्ञात दोष अशी शीर्षके येत. दोषांची कबुली देणारे स्वतंत्र शीर्षक पहिल्या आवृत्तीपासून होते. भाषा अत्यंत आटोपशीर असे. एका आज्ञेचे वर्णन शक्यतो एका पानात बसवावे, उदाहरणे मोजकी असावीत, आणि वाचकाला बाकीचे ठाऊक आहे असे गृहीत धरावे, हा तिचा शिरस्ता. भारतीय शास्त्रपरंपरेतील सूत्रग्रंथांची आठवण व्हावी असे हे अल्पाक्षरत्व आहे. सूत्र हे जाणत्याच्या स्मरणासाठी असते. अजाणत्यासाठी त्याला वृत्ती आणि भाष्य लागते. मॅन्युअलच्या बाबतीतही हेच घडले. ‘मॅन’ ही आज्ञा देऊन कोणत्याही आज्ञेची माहिती पडद्यावर आणता येते. मात्र कोणत्या आज्ञेविषयी विचारावे, हेच ज्याला माहीत नाही त्याला तिचा उपयोग होत नाही.

आणि असे नवशिके अगदी प्रारंभीच उपस्थित होते. १९७१ मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या पेटंट विभागाने युनिक्सचा वापर सुरू केला, तो पेटंट-अर्जांची टंकलिखिते तयार करण्यासाठी. म्हणजे निर्मात्यांच्या वर्तुळाबाहेरचे या प्रणालीचे पहिले नियमित वापरकर्ते टंकलेखनिक होते. प्रणाली शिकणे म्हणजे प्रोग्राम लिहिणे हा समज नंतरचा. आरंभी शिकणे म्हणजे मजकूर लिहिणे, दुरुस्त करणे आणि छापणे असेच होते.

१९७४ मध्ये ब्रायन कर्निहन यांनी ‘युनिक्स फॉर बिगिनर्स’ ही छोटेखानी पुस्तिका लिहिली. नवशिका शीर्षकात येतो तो येथे. यंत्राशी जोडणी कशी करावी, टंकनातील चूक कशी खोडावी, फाइल कशी निर्माण करावी, तिचे नाव कसे पाहावे, ती कशी पुसावी, या क्रमाने ती पुस्तिका जाते. प्रोग्रामलेखन बरेच पुढे येते. मॅन्युअल वर्णानुक्रमाने लावलेले होते, ही पुस्तिका गरजेच्या क्रमाने. कोशाचा क्रम आणि पाठ्यपुस्तकाचा क्रम यांतील हा भेद आहे. पुढे कर्निहन आणि माइक लेस्क यांनी ‘लर्न’ नावाचा प्रोग्राम तयार केला. तो १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर वितरित झाला. लहानसा पाठ पडद्यावर दाखवायचा, विद्यार्थ्याला प्रत्यक्ष प्रणालीतच आज्ञा देऊ द्यायची आणि निष्पत्ती तपासून पुढचा पाठ द्यायचा, अशी त्याची रीत होती. वाचन आणि कृती यांच्यात अंतर राहू नये हे तत्त्व त्यामागे होते. ते तत्त्व तीन दशकांनंतर भारतात पुन्हा अवतरलेले दिसते; त्याचा विचार पुढे येईल.

२. लायन्सचे भाष्य : छायाप्रतींची परंपरा

बेल लॅबोरेटरीज ज्या एटी अँड टी कंपनीच्या होत्या, तिला १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीनुसार दूरसंचाराबाहेरच्या व्यवसायात उतरण्यास मनाई होती. त्यामुळे विद्यापीठांना युनिक्स नाममात्र शुल्कात, मूळ संहितेसह मिळू शकली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात ती पोचली तेव्हा तेथील अध्यापक जॉन लायन्स (१९३७–१९९८) यांनी तिच्याकडे पाठ्यग्रंथ म्हणून पाहिले. १९७६ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी दोन पुस्तिका सिद्ध केल्या. एकीत सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, सुमारे नऊ हजार ओळींची संहिता ओळक्रमांकांसह छापली होती. दुसरीत त्या ओळींवरचे भाष्य होते. १९७७ मध्ये त्याची सुधारित प्रत निघाली.

लायन्स यांची भूमिका शिक्षणविचाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. प्रोग्राम लिहावयास शिकणाऱ्याने आधी उत्तम प्रोग्राम वाचले पाहिजेत, आणि ज्याची व्याप्ती एका माणसाच्या आकलनात मावेल अशी वास्तवातली संहिता वाचावयास हवी, हे त्यांनी मानले. साहित्याचे शिक्षण असेच चालते. संगणकाच्या शिक्षणात ते त्या काळी नवे होते. संहितेचा क्रम लावणे, ओळींना क्रमांक देणे, अवघड स्थळ निवडून उकलणे, पूर्वापर संबंध दाखवणे ही सारी टीकाकाराची कामे लायन्स यांनी केली.

संहितेतले एक स्थळ या संदर्भात प्रसिद्ध आहे. एका प्रक्रियेकडून दुसरीकडे नियंत्रण सोपवणाऱ्या भागात, लायन्स यांच्या क्रमांकानुसार २२३८ व्या ओळीवर, निर्मात्यांनी अशी टीप लिहून ठेवली होती की, हे वाचकाला कळावे अशी अपेक्षा नाही. अनेकांनी ती टीप उद्दामपणाची मानली. रिची यांनी पुढे केलेल्या खुलाशानुसार तिचा आशय ‘हे परीक्षेत विचारले जाणार नाही’ अशा प्रकारचा होता. शिवाय तेथे नेमके काय चालले आहे हे त्या वेळी निर्मात्यांनाही पुरते उमगलेले नव्हते. संहिता आपल्या वाचकाविषयी काही गृहीत धरते आणि ते गृहीत भाष्यकाराला भेदावे लागते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात मूळ संहिता शिकवण्यास बंदी घातली. लायन्स यांचे भाष्य अध्यापनातून बाहेर पडले. त्यानंतर त्याचे जे झाले ते हस्तलिखितांच्या अभ्यासकांना परिचित वाटेल. एका छायाप्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा प्रती हातोहात फिरू लागल्या. अक्षरे पुसट होत गेली आणि कोणत्या पिढीची प्रत आपल्याजवळ आहे हे पुसटपणावरून सांगता येऊ लागले. अधिकृत प्रकाशनासाठी १९९६ साल उजाडावे लागले. मध्यंतरीच्या सतरा वर्षांत ज्ञान थांबले नाही. मात्र ते ओळखीपाळखीने चालले. ज्याचा परिचय अशा प्रत बाळगणाऱ्याशी होता तो शिकला, ज्याचा नव्हता तो वंचित राहिला. भाष्य बंद झाले की शिक्षण संपत नाही, ते गुरुगृहापुरते आक्रसते, असा याचा अर्थ.

३. लहान संहिता, मोठा वाचक

या बंदीला अॅमस्टरडॅमच्या फ्री विद्यापीठातील अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी दिलेले उत्तर म्हणजे मिनिक्स. १९८७ मध्ये त्यांनी ऑपरेटिंग सिस्टिमवरील पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यासाठी युनिक्ससारखी वागणारी, परंतु संपूर्णपणे नव्याने लिहिलेली लहान प्रणाली रचली. पुस्तकाच्या परिशिष्टात तिची संहिता होती. लायन्स यांनी अस्तित्वात असलेल्या संहितेवर भाष्य केले. टॅनेनबॉम यांनी भाष्यासाठी संहिताच निर्माण केली. तिचे लहानपण हा तिचा हेतू होता. वापरकर्ते नवनवीन सोयींची मागणी करीत, तेव्हा ती विद्यार्थ्याला एका सत्रात वाचून होईल एवढीच राहावी असा आग्रह त्यांनी धरला. परवानाही मर्यादित होता. मिनिक्स विकत घ्यावी लागे आणि तिच्यात केलेले बदल स्वतंत्र सुधारित प्रणाली म्हणून वाटता येत नसत. तो परवाना २००० मध्ये खुला करण्यात आला.

हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स हा या पुस्तकाचा वाचक होता. जानेवारी १९९१ मध्ये त्याने नवा संगणक घेतला, त्यावर मिनिक्स चालवली आणि तिच्या मर्यादांतून स्वतःची रचना सुरू केली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्सच्याच वापरकर्त्यांना आपल्या कामाची वार्ता दिली, ती केवळ हौसेखातर केलेले काम म्हणून. सप्टेंबरमध्ये बाहेर पडलेली लिनक्सची पहिली आवृत्ती सुमारे दहा हजार ओळींची होती, म्हणजे लायन्स यांनी भाष्य केलेल्या संहितेएवढीच. लिनक्सच्या जन्मकथेत प्रतिभेवर भर दिला जातो. वाचनाच्या इतिहासात मात्र ती एका पाठ्यपुस्तकाच्या सजग वाचकाची कथा ठरते.

आज लिनक्सच्या गाभ्याची संहिता तीन कोटी ओळींपलीकडे गेली आहे. कोणीही एक माणूस ती संपूर्ण वाचू शकत नाही. म्हणून लहान संहितेची गरज पुन्हा निर्माण झाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये काही वर्षे लायन्स यांच्याच भाष्याच्या आधारे वर्ग चालवले गेले. २००६ मध्ये तेथे सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर ‘एक्सव्हीसिक्स’ ही नवी छोटी प्रणाली लिहिली गेली आणि तिला जोडून भाष्यपुस्तिकाही तयार झाली. भारतातील अनेक अभियांत्रिकी वर्गांत ती आज वापरली जाते. तीस वर्षांच्या फेऱ्यानंतर अध्यापन पुन्हा ‘आटोपशीर संहिता आणि तिचे भाष्य’ या जोडीपाशी आले, हे अर्थपूर्ण आहे.

४. मुक्त आणि मोफत : परवान्याची भाषा

रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना केली आणि १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्स हा परवाना सिद्ध झाला. लिनक्सने १९९२ मध्ये हाच परवाना स्वीकारला. इंग्रजीतील ‘फ्री’ हा शब्द स्वातंत्र्य आणि विनामूल्यता असे दोन्ही अर्थ वाहत असल्याने स्टॉलमन यांना आयुष्यभर त्याचा खुलासा करावा लागला आहे. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे वेगळे शब्द असल्याने तात्त्विक गोंधळ टळतो. व्यवहारात मात्र मराठी वापरकर्त्यापर्यंत ही प्रणाली बहुधा ‘फुकट मिळणारी’ म्हणूनच पोचली. शब्द उपलब्ध असूनही संकल्पना पोचली नाही, कारण ती समजावून देणारे लेखन पुरेसे झाले नाही.

या परवान्याचे एक कलम पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला विशेष रोचक वाटेल. त्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीनुसार, ज्याने फाइलीत बदल केला त्याने तो केल्याचे आणि केव्हा केल्याचे त्या फाइलीत ठळकपणे नमूद करावयाचे असते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा शिरलेले अपपाठ काढून टाकणे आणि पुढे कोणी ओवी घालू नये असे बजावणे, हा संहिता जपण्याचा मार्ग होता. येथे मार्ग उलटा आहे. भर घालण्यास मुभा आहे, परंतु प्रत्येक पाठभेदाला कर्ता आणि तिथी असली पाहिजे. टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये रचलेल्या ‘गिट’ या साधनाने ही नोंद ओळीओळीपर्यंत नेली. संहितेचे पावित्र्य की संहितेची वंशावळ, असा हा दृष्टिभेद आहे. शुद्ध पाठ हाती राहावा ही चिंता मात्र दोन्हीकडे समान आहे. नवशिक्याच्या दृष्टीने या वंशावळीचे मोल मोठे आहे. एखादी ओळ तशी का आहे, हे ती बदलणाऱ्याने त्या वेळी लिहिलेल्या कारणावरून कळू शकते. संहितेच्या इतिहासातच तिचे अर्धे भाष्य साठवलेले असते.

मुक्त प्रणालींची सर्वांत मोठी उणीव प्रोग्रामची नसून मुक्त मॅन्युअलांची आहे, असे स्टॉलमन यांनीच मांडले. २००० मध्ये ग्रंथांसाठी वेगळा मुक्त परवाना त्यातूनच आला. तत्पूर्वी, १९९२ मध्ये, मॅट वेल्श, लार्स विर्झेनियस आणि मायकेल जॉन्सन यांनी लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट आरंभला होता. त्यातून ‘हाउटू’ हा लेखनप्रकार रूढ झाला. एक काम, एक लेख, क्रमवार पायऱ्या, आणि अडचण आल्यास काय तपासावे याची यादी, असे त्याचे स्वरूप. संगणक जोडणे, छपाईयंत्र चालवणे, एकाच यंत्रावर दोन प्रणाली ठेवणे अशा शेकडो विषयांवर स्वयंसेवकांनी लिहिले. त्यांतील पुष्कळसे लेखक स्वतः नुकतेच शिकलेले होते. नुकत्याच शिकलेल्या माणसाला आपण कोठे अडलो होतो हे आठवत असते; तज्ज्ञाला ते विसरलेले असते. हाउटूचे बळ या स्मृतीत होते.

५. भीतीचा अडसर

वाचनाइतकाच एक भौतिक अडसरही नवशिक्यापुढे होता. घरातल्या किंवा कार्यालयातल्या एकुलत्या संगणकाच्या डिस्कचे विभाग पाडून त्यावर नवी प्रणाली बसवताना आधीचा सारा मजकूर नष्ट होण्याची धास्ती असे. भारतात तर संगणक ही बहुतेक कुटुंबांत मोठ्या खर्चाची वस्तू होती. शिवाय प्रणाली मिळवणेही सोपे नव्हते. १९९६ पासून ‘पीसीक्वेस्ट’ या इंग्रजी मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी देण्यास सुरुवात केली. इंटरनेट महाग आणि संथ असलेल्या त्या काळात या सीडींनी भारतातील अनेक विद्यार्थ्यांची लिनक्सशी पहिली गाठ घालून दिली. वितरणाचे हे काम नियतकालिकाने केले, हे मुद्रणसंस्कृतीच्या अभ्यासात नोंदले जावयास हवे.

भीतीवरचा उपाय ‘लाइव्ह सीडी’च्या रूपाने आला. २००० मध्ये जर्मनीतील क्लाउस नॉपर यांनी सिद्ध केलेली नॉपिक्स थेट सीडीवरून चालत असे. संगणकाच्या डिस्कला ती हातही लावीत नसे. सीडी बाहेर काढली की यंत्र पूर्ववत. २००४ मध्ये सुरू झालेल्या उबंटूने हीच सोय स्वीकारली आणि २००५ ते २०११ या काळात मागेल त्याला टपालाने विनामूल्य सीडी पाठवल्या. आज सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली आहे, आणि एका प्रणालीच्या आत दुसरी प्रणाली चालवणे सामान्य संगणकावरही शक्य झाले आहे. चूक करण्याची भीती जेथे कमी होते तेथे शिक्षण सुरू होते. परवान्यातील स्वातंत्र्याला प्रत्यक्षात अर्थ देणारी ही सोय म्हणूनच शैक्षणिक महत्त्वाची आहे.

६. भाषेचे दोन मार्ग

भारतीय भाषांच्या वाट्याला हा इतिहास उशिरा आला आणि तो आधी लिपीच्या प्रश्नात अडकला. १९९१ च्या युनिकोड मानकात देवनागरीचा समावेश होता. पण लिपीसाठी संकेत निश्चित होणे आणि पडद्यावर जोडाक्षर नीट उमटणे यांत बरीच वर्षे गेली. २००० च्या सुमारास इंडलिनक्ससारख्या प्रकल्पांनी भारतीय भाषांतील प्रणालीचे काम हाती घेतले. २००४ मध्ये ‘लोहित’ हा टंकसमूह मुक्त परवान्याखाली आला. मराठीच्या गरजा हिंदीपेक्षा वेगळ्या होत्या. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांत केवळ रेफ आणि चंद्रकोरी रकार यांचा फरक आहे. तो उमटला नाही तर गुरू आणि स्वयंपाकी यांतील भेद पुसला जातो. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत मिळाला तो २००८ मध्ये. अशा तपशिलांचा निर्णय भाषाशास्त्राच्या परिषदांत नव्हे, तर टंक रचणाऱ्यांच्या आणि प्रणाली भाषांतरित करणाऱ्यांच्या पत्रव्यवहारात होत गेला.

लिपीनंतर शब्द आले. फेब्रुवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियनच्या पाचव्या आवृत्तीत प्रणाली बसवण्याची प्रक्रिया प्रथमच मराठीतून उपलब्ध झाली. ग्नोम आणि केडीई या पटलांचीही मराठी रूपे तयार झाली. ‘सेव्ह’साठी ‘जतन करा’ की ‘साठवा’, ‘फाइल’ की ‘संचिका’, अशा निवडी करताना एकवाक्यता नसल्याने एकाच पडद्यावर एकाच क्रियेची दोन नावे दिसू लागली. ही विसंगती दूर करण्यासाठी २००८ मध्ये फ्युएल हा प्रकल्प आरंभण्यात आला. वारंवार येणाऱ्या संज्ञांची यादी करून प्रत्येक भाषेतील जाणकारांनी तिच्यावर एकत्र बसून निर्णय घ्यावा, ही त्याची पद्धत.

हा पहिला मार्ग संहितेच्या दर्शनी भागाचे भाषांतर करण्याचा. त्याचे मोल निर्विवाद आहे. पण त्याची मर्यादाही उघड आहे. मराठी पाट्या लावलेल्या प्रणालीत काही बिघडले की जो संदेश येतो तो पुष्कळदा इंग्रजीत असतो, आणि त्याचा उलगडा करणारे मॅन्युअल व हाउटू तर इंग्रजीतच असतात. दार मराठीत, घर इंग्रजीत अशी ही अवस्था आहे. परिणामी अनेक मराठी वापरकर्ते थोड्याच दिवसांत इंग्रजी पाट्यांकडे परततात, कारण मदत मागताना आणि वाचताना त्याच संज्ञा उपयोगी पडतात.

दुसरा मार्ग भाष्याचा. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत कन्नन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखाली, माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या केंद्र शासनाच्या राष्ट्रीय अभियानाच्या साह्याने, ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. लिनक्ससह अनेक मुक्त प्रणालींचे व प्रोग्रामांचे सुमारे दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ त्यात आहेत. पडद्यावरची कृती इंग्रजीच राहते; निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येते. विद्यार्थ्याने पडद्याच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष प्रणाली ठेवायची आणि ऐकता ऐकता तीच कृती करायची, अशी रीत आहे. ‘लर्न’मागील तत्त्वाचे हे पुनरागमन होय. पाठाचे लेखन दोन रकान्यांत होते, एकात दृश्य आणि दुसऱ्यात निवेदन. ध्वनिमुद्रणापूर्वी तो मजकूर त्या विषयाशी अपरिचित अशा व्यक्तीकडून तपासून घेतला जातो. ती जेथे अडेल तेथे मजकूर सुधारला जातो. नवशिक्याला परीक्षकाचे स्थान देणारी ही पायरी या संपूर्ण इतिहासातील एक महत्त्वाची घटना मानावयास हवी. १९७६ च्या भाष्यात नवशिका श्रोता होता. येथे तो संपादक झाला.

मूळ त्याच्या भाषेत ठेवून भाष्य लोकभाषेत करणे ही रीत मराठीला अपरिचित नाही. ज्ञानेश्वरीचा उगमच त्या रीतीत आहे. गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्यांचा विस्तार झाला तो श्रोत्याची जागा ओळखल्यामुळे. दृष्टान्त श्रोत्याच्या जगातून आले आणि शंका श्रोत्याच्या तोंडच्या होत्या. या तुलनेतून आजच्या प्रयत्नाची उणीवही दिसते. स्पोकन ट्युटोरियलचे मराठी निवेदन हे बहुतांशी इंग्रजी संहितेचे भाषांतर आहे. उदाहरणे, शंका आणि त्यांचा क्रम आधीच ठरलेला असतो. नवशिक्याची तपासणी होते तीही मूळ मजकुराची. मराठी नवशिका वेगळ्या ठिकाणी अडत असेल, तर त्या जागेची नोंद घेणारे मराठीतील मूळ भाष्य अद्याप फारसे रचले गेलेले नाही.

७. शिकण्याचा क्रम

या इतिहासातून नवशिक्याने कोठून आरंभ करावा, याचा एक क्रमही सिद्ध होतो. पहिली पायरी निर्भयतेची. पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून पाहावी, जुनी प्रणाली तशीच राहू द्यावी. दुसरी पायरी मजकुराची. पेटंट विभागातील टंकलेखनिकांप्रमाणे रोजचे एक खरे काम, पत्र किंवा हिशेब, नव्या प्रणालीत करावे. तिसरी पायरी थोड्या आज्ञांची. फाइलींची यादी पाहणे, एका कप्प्यातून दुसऱ्यात जाणे, प्रत करणे, नाव बदलणे आणि पुसणे, एवढ्या पाच-सहा आज्ञा हाताच्या सवयीच्या झाल्या की मॅन्युअलची सूत्रे उलगडू लागतात, कारण प्रश्न विचारण्यापुरते शब्द तोवर हाती आलेले असतात. चौथी पायरी जोडणीची. एका आज्ञेचे फलित दुसरीला देणे हे युनिक्स-परंपरेचे मर्म आहे, आणि वारंवार लागणारी अशी जोडणी एका फाइलीत लिहून ठेवली की नवशिक्याने स्वतःची पहिली संहिता लिहिलेली असते. त्यानंतरच लहान प्रणालीची संहिता भाष्यासह वाचावी. तीन कोटी ओळींच्या दारात प्रथमच उभे राहिल्यास निराशेखेरीज काही हाती लागत नाही.

या क्रमात एक पायरी बहुधा गाळली जाते, ती लिहिण्याची. शिकत असताना आलेली प्रत्येक अडचण आणि तिचा सुटलेला मार्ग आपल्या भाषेत लिहून ठेवणे, हे हाउटू लिहिणाऱ्यांनी केले आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांचा रस्ता सोपा झाला. मराठीत हे काम प्रामुख्याने नवशिक्यांनीच करावयाचे आहे, कारण अडल्याची जागा त्यांनाच ताजी आठवते. विद्यापीठांतील मराठी विभागांचाही त्यात वाटा असू शकतो. संज्ञांची निवड, गद्याची घडण, दृष्टान्ताचे औचित्य आणि पाठभेदांची नोंद हे त्यांच्या अभ्यासाचे विषय आहेत. तांत्रिक गद्य साहित्याच्या कक्षेबाहेरचे मानून त्यांनी ते सोडून दिले, तर त्या गद्याची घडण भाषांतरयंत्रांच्या हाती जाईल.

परवान्याने मूळ संहिता सर्वांच्या हाती दिली, हे विसाव्या शतकाच्या अखेरीचे मोठे सांस्कृतिक कृत्य होय. पण लायन्स यांच्या पुसट छायाप्रतींपासून दहा मिनिटांच्या बोलक्या पाठांपर्यंतचा इतिहास हेच सांगतो की, त्या संहितेपाशी माणसाला नेऊन बसवले ते भाष्याने. ज्या भाषेत असे भाष्य रचले जात नाही, त्या भाषेच्या वाचकाला मुक्त प्रणालीही केवळ मोफत प्रणाली म्हणूनच मिळते.